भुंडे हात : परिचारिकांचे दागिने, गोंदण आणि ‘व्यावसायिक दिसणे’ यांची पार्श्वभूमी

2024 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडून केंद्र सरकारच्या रुग्णालयांना एक पत्र गेले. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि शस्त्रक्रियेनंतरचे कक्ष अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी कोपराखाली काहीही घालू नये, अंगठी, बांगडी, कडे, घड्याळ आणि मनगटाला बांधलेला धार्मिक दोरासुद्धा नको, असा त्याचा आशय होता. बातम्यांनी त्याला ‘दागिन्यांवर बंदी’ म्हटले आणि चर्चा लगेच संस्कृतीकडे वळली. त्याआधी 2023 मध्ये हरियाणा सरकारने आपल्या रुग्णालयांसाठी गणवेशसंहिता काढली होती; तिच्यात जीन्स, भडक प्रसाधन, वाढवलेली नखे, चित्रविचित्र केशरचना आणि जड दागिने एकाच यादीत बसवले होते. वरवर पाहता ही दोन्ही पत्रे एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याचा प्रश्न हात नीट धुतले जातात की नाही हा आहे, तर दुसऱ्याचा बराचसा भाग सरकारी नोकरीत काय शोभते याविषयी आहे. या दोन प्रश्नांची सरमिसळ जुनी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आजचे वाद नीट कळत नाहीत.

परिचारिकेने काय घालावे याविषयीचा सर्वांत जुना प्रसिद्ध उपदेश जंतूंशी संबंधित नव्हता, तो आवाजाशी संबंधित होता. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या इंग्रज विदुषीने 1859 च्या आपल्या पुस्तकात रेशमाची सळसळ, किल्ल्यांचा खुळखुळाट आणि बुटांची करकर यांनी रुग्णाला किती त्रास होतो हे रागाने लिहिले आहे. परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत, हेही त्याच पुस्तकात आहे. व्हिएन्नातील एका प्रसूतितज्ज्ञाने हात धुण्याचा आग्रह 1847 मध्येच धरला होता, तो मान्य व्हायला मात्र पुढची काही दशके गेली. लंडनमध्ये 1860 मध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली तेव्हा गणवेशाचे पहिले काम चारित्र्याची ग्वाही देणे हे होते, कारण रुग्णालयात चाकरी करणाऱ्या बायकांविषयी लोकांचे मत फार वाईट होते. कडक कांजी, पांढरी टोपी, मागे बांधलेले केस आणि अंगावर एकही दागिना नाही, हा वेश त्या बदनामीला दिलेले उत्तर होता.

हे उत्तर तयार स्वरूपात आपल्याकडे आले. 1886 मध्ये मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले, 1888 मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, आणि 1891 मध्ये मुंबईत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी दाखल झाल्याची नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत सापडते. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्यातील एका स्त्रीशिक्षण संस्थेने विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून देण्याचे काम हाती घेतले. सवाष्ण बाई घराबाहेर पडून परक्या पुरुषाचे मलमूत्र काढेल, ही कल्पनाच त्या काळच्या पांढरपेशा घरांना झेपणारी नव्हती. 1946 मध्ये आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीने देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले. या टंचाईमागे पगार आणि राहण्याची दुर्दशा होतीच, पण मुलीला ‘नर्स’ होऊ द्यायला घरे तयार नव्हती हेही होते.

महाराष्ट्रात एक गोष्ट इंग्लंडपेक्षा वेगळी घडली आणि ती पुरेशी लिहिली गेलेली नाही. इंग्रज परिचारिकेचा दागिनाविरहित पांढरा वेश तिच्या समाजात शिस्तीचा वाटला. मराठी समाजात पांढरे लुगडे, कोरे कपाळ आणि रिकामे मनगट यांचा अर्थ आधीच ठरलेला होता. आपल्याकडे बांगड्या नसलेल्या हातांना ‘भुंडे हात’ म्हणतात आणि तो शब्द कोणी सहज उच्चारत नाही. काचेची बांगडी फुटली तर ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात, मंगळसूत्र तुटले तरी ते ‘वाढले’. जिथे तोंडच्या शब्दालाही इतके जपले जाते, तिथे ‘ड्यूटीवर येताना बांगड्या काढून या’ हे वाक्य नवीन लग्न झालेल्या मुलीच्या सासरी कसे ऐकले जात असेल, याची कल्पना करावी. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याचे राज्यभर कौतुक झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट नव्हे, अगदी कालपरवाची आहे. तेव्हा परिचारिकेच्या बांगडीचा प्रश्न हौसेचा समजून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी हाच प्रसंग रोज उलट्या बाजूने घडतो. रुग्ण बाईला आत नेण्यापूर्वी तिचे दागिने उतरवण्याचे काम परिचारिकेचेच असते. विद्युतदाहक उपकरण वापरताना अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका नको म्हणून हे करावे लागते. मंगळसूत्र सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाती देऊन वहीवर सही घेतली जाते, जोडवी साबणाचे पाणी लावून सोडवली जातात, आणि वर्षानुवर्षे हातात रुतलेली सोन्याची बांगडी निघतच नसेल तर तिच्यावर पट्टी गुंडाळली जाते. अनुभवी सिस्टर अशा वेळी ‘काढा’ म्हणत नाहीत, ‘थोडा वेळ उतरवून ठेवू’ म्हणतात. रुग्णाशी बोलताना पाळली जाणारी ही नाजूक रीत परिचारिकांसाठीच्या परिपत्रकांत मात्र कधी उतरली नाही.

आता सर्वांत वादग्रस्त निर्णयाकडे येऊ. कोपराखाली हात मोकळे ठेवण्याचा नियम आज सर्वत्र शास्त्राचा नियम म्हणून सांगितला जातो, पण त्याचा जन्म राजकीय घाईत झाला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या संसर्गावरून लोकक्षोभ वाढला होता, आणि सप्टेंबर 2007 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने हा नियम जाहीर करून 2008 पासून अमलात आणायला सांगितले. लांब बाह्या, मनगटी घड्याळ, पांढरा डॉक्टरी कोट आणि दागिने एका फटक्यात गेले. साध्या लग्नाच्या अंगठीला तेवढी सवलत मिळाली. गणवेशामुळे संसर्ग पसरतो याला निर्णायक पुरावा नाही, हे त्याच काळात सरकारने करून घेतलेल्या आढाव्यातून पुढे आले होते. तरीही नियम आला, कारण तो डोळ्यांना दिसणारा होता. हात धुतले की नाही हे दुरून कळत नाही, उघडे मनगट मात्र कक्षाच्या दारातूनही दिसते.

असे असले तरी या नियमामागचा विचार पोकळ नाही, आणि त्याला निव्वळ दिखावा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अंगठी घालून हात धुणाऱ्या विद्यार्थिनीला धुणे झाल्यावर अंगठी सरकवायला सांगावे. खाली पांढुरकी, मऊ पडलेली त्वचा दिसते आणि कडेला साबणाचा फेस तसाच असतो. खड्याच्या अंगठीने हातमोजा बोटाच्या मुळाशी फाटतो आणि तो फाटल्याचे बऱ्याचदा काम संपल्यावर लक्षात येते. काचेच्या बांगड्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे घासणे सर्वांत गरजेचे असते, तिथेच जमा होतात. अंगठीखालच्या त्वचेवर जिवाणू अधिक सापडतात हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. त्यामुळे रुग्णांना होणारा संसर्ग नेमका किती वाढतो हे मात्र ठरलेले नाही. म्हणूनच हातांच्या स्वच्छतेविषयीच्या 2009 च्या जागतिक मार्गदर्शनात सूर जपून लावलेला आहे: अंगठ्या शक्यतो नकोत, श्रद्धेमुळे कोणाला लग्नाची अंगठी ठेवायचीच असेल तर नेहमीच्या कामात ती चालेल, पण शस्त्रक्रियागृहात एकही चालणार नाही. नखांच्या बाबतीत पुरावा अधिक वजनदार आहे. 1997-98 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात एका जिवाणूची लागण 46 बाळांमध्ये आढळली, त्यांपैकी 16 दगावली, आणि तपासात दोन परिचारिकांच्या लांब नखांशी, एकीच्या खऱ्या आणि दुसरीच्या चिकटवलेल्या, तिचा संबंध जोडला गेला. सगळे मृत्यू त्या नखांमुळेच झाले असे तपास म्हणत नाही. परंतु त्यानंतर कृत्रिम नखांची बाजू कोणी गंभीरपणे मांडलेली नाही.

ब्रिटनमधील नियम 2010 मध्ये सैल करावा लागला. हात झाकण्याचा धार्मिक आग्रह असलेल्या मुस्लिम स्त्रिया आणि कडे न उतरवणारे शीख कर्मचारी यांच्यासाठी मार्ग काढण्यात आला: बाही किंवा कडे हात धुताना व रुग्णाला हाताळताना वर सरकवून घट्ट बसवावे, एकदाच वापरायच्या, कोपर ते मनगट झाकणाऱ्या बाह्या चढवाव्यात, असे. आपल्याकडच्या पत्राने मूळ नियम उचलला. पण इथे बांगडी वर सरकवून बसवता येते का, नवीन लग्नाचा चुडा असलेल्या मुलीला काही आठवडे अतिदक्षता विभागाबाहेर काम देता येईल का, अशी साधी चर्चाही त्याबरोबर यायला हवी होती. ती न आल्यामुळे प्रत्येक कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरला स्वतःच्या जबाबदारीवर मार्ग काढावा लागतो.

टोचण्याचा विषय त्या मानाने सरळ आहे, फक्त शब्दाने तो अडवला आहे. मराठीत कान टोचतात, नाक टोचतात आणि लसही टोचतात. देवीच्या साथींच्या काळापासून ‘टोचणे’ ही क्रिया सोनाराची आणि आरोग्य कर्मचाऱ्याची सामाईक आहे. कान टोचण्याचा विधी सुश्रुतसंहितेतही येतो. त्यामुळे कानातली कुडी किंवा नाकातली चमकी या गोष्टीला आपल्याकडे कोणी ‘पिअर्सिंग’ म्हणत नाही आणि ‘पिअर्सिंग नको’ असा नियम वाचणारी मुलगी तो आपल्याला लागू आहे असे मानत नाही. भुवई, ओठ किंवा जीभ यांतला खडा मात्र त्या शब्दाखाली चटकन येतो. जंतूंच्या दृष्टीने ताजे छिद्र कुठलेही असले तरी जखमच असते आणि भरलेल्या छिद्रातला घट्ट खडा फारसा उपद्रव करत नाही. लोंबता डूल मात्र धोक्याचा, कारण भ्रमात असलेला रुग्ण किंवा कडेवरचे मूल तो ओढू शकते. नव्याने नाक टोचलेल्या विद्यार्थिनी ड्यूटीपुरती चमकी काढून छिद्र बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची बारीक काडी घालतात. खेड्यातल्या आजीने शिकवलेला हा उपाय वसतिगृहात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

गोंदणाच्या बाबतीत नियम आणि कारण यांची फारकत सर्वांत स्पष्ट होते. भरून आलेल्या गोंदणावर जंतू अडकत नाहीत, ते धुतले जाते, त्याने हातमोजा फाटत नाही. ताजे असताना ते जखम असते, आणि निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ ‘ब’ पसरू शकते, म्हणून रक्तपेढीत गोंदवल्यानंतर 12 महिने रक्तदान करू दिले जात नाही. एवढा भाग सोडला तर गोंदणाला होणारा विरोध केवळ दिसण्याचा आहे. आणि दिसण्यातही दुजाभाव आहे. कपाळावरचा हिरवा ठिपका, हनुवटीवरची टिकली, हातावरचे तुळशीवृंदावन किंवा नवऱ्याचे नाव असलेल्या कितीतरी मावशी आणि जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या, त्यांना कोणी विचारले नाही. त्याच जागी यंत्राने काढलेले फुलपाखरू आले की मुलाखतीत प्रश्न येतो. सैन्यदलाच्या भरतीत हा भेद लेखी आहे: कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर गोंदण चालते, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार अधिक मोकळीक मिळते. रुग्णालयांच्या नियमांत इतकी स्पष्टता क्वचितच दिसते. तिथे ‘गोंदण दिसू नये’ एवढेच असते.

इथे दोन नियम एकमेकांना छेद देतात. गोंदण दिसू नये म्हणून लांब बाही हवी, आणि हात धुता यावेत म्हणून बाही कोपराच्या वर हवी. अतिदक्षता विभागात ज्या मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला आईचे नाव गोंदलेले आहे, तिने दोन्हींपैकी कोणता नियम मोडावा हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. बाही वर घेतलेल्या हातावरचे ते नाव रुग्णाला सलाइन लावताना त्याच्या डोळ्यांसमोर येते, आणि बहुतेक रुग्ण विचारतात ते एवढेच, की गोंदताना दुखले का.