स्टीलच्या चौकटीची भिंत आगीत किती वेळ तग धरते?

“भिंतीत लाकूड नाही, सगळं स्टील, मग आगीची काळजी कशाला?” साइटवर हे नेहमी ऐकायला मिळतं. स्टील जळत नाही, खरं आहे. पण तापलं की त्याचा जोर जातो. आमच्या चौकटीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. चाचणीच्या भट्टीत तर तासाभरात ९४५ अंश होतात.

तेव्हा भिंत वाचवतो तो चौकटीवर दोन्ही बाजूंनी लावलेला जिप्सम बोर्ड, म्हणजे दोन कागदांमधला जिप्समचा थर. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. वर्कशॉपमध्ये या, तुकड्यावर ब्लो-टॉर्च धरून दाखवतो. पुढचा कागद क्षणात काळा होऊन जळतो, मागचा मात्र बराच वेळ जसाच्या तसा. आतलं पाणी वाफ होऊन संपेपर्यंत उष्णता तिथेच अडते. पाणी संपलं की बोर्ड तडकून गळायला लागतो. म्हणूनच आम्ही काचतंतूंचा फायर बोर्ड वापरतो, तोही दोन थरांत, सांध्यावर सांधा न येऊ देता.

इन्सुलेशनबाबत मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. दोन्ही बाजूंच्या बोर्डांमधल्या पोकळीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) भरलं की पलीकडची खोली उशिरा तापते. पण अडलेली उष्णता आगीकडच्या बोर्डात आणि स्टडच्या, म्हणजे चौकटीतल्या उभ्या पट्टीच्या, त्याच कडेत साचते. एक कड रसरशीत तापलेली, दुसरी त्यामानाने थंड, आणि स्टड वाकतो. साध्या पार्टिशनला हे चालून जातं. वरचा मजला पेलणारी भिंत मात्र यामुळे लवकर बसू शकते. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठातल्या भट्टीचाचण्यांत हेच दिसलं. अशा भिंतीत रॉकवूल पोकळीत न भरता एकाच बाजूच्या बोर्डाच्या दोन थरांमध्ये बसवावं, असा आमचा आग्रह असतो. खर्च थोडा वाढतो, तरीही.

थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच आकसतो आणि पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा धूर जीवघेणा असतो. स्वस्त पडतं म्हणून कुणी मागितलं तरी आम्ही ते भरत नाही.

कोटेशन घेताना, आमचं असो वा दुसऱ्याचं, नुसत्या ‘फायरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका. किती मिनिटं, भार घेऊन की भाराविना, आणि चाचणी अख्ख्या भिंतीची झाली की फक्त बोर्डाची, हे विचारा.

ताबा मिळाल्यावर एसीवाला पाइपसाठी भोक पाडतो, इलेक्ट्रिशियन दोन्ही बाजूंचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवतो. दोन थरांची भिंत तिथे उघडी पडते. ड्रिल लावण्याआधी आम्हाला एक फोन करा. आम्ही बांधलेल्या भिंतीत फायर सीलंट भरून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही.