स्कूल बसचे घर

शाळेच्या फेऱ्यांमधून कायमची बाजूला झालेली बस आतून रिकामी करून तिच्यात स्वयंपाक, झोप आणि न्हाणीची सोय करतात, त्याला स्कूल बसचे घर म्हणतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत वाढली. तिथे १९३९ साली न्यूयॉर्कमधील परिषदेत स्कूल बसचा पिवळा रंग आणि बांधणीची मानके ठरली. मुलांच्या सुरक्षेसाठी दिलेल्या पोलादी कमानींमुळे इंजिन थकल्यावरही सांगाडा शाबूत राहतो, आणि घरासाठी खरी किंमत त्या सांगाड्याचीच असते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ही पद्धत रूढ नाही. पण इथे तिचा उपयोग उघड आहे. कृषिपंपांची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, तेव्हा केळीला किंवा कपाशीला पाणी भरायला शेतातच मुक्काम पडतो. अशा वेळी साप-विंचवापासून वर, जमिनीपासून बरीच उंच असलेली जागा मोलाची ठरते.

खानदेशात या घराचा सगळा कस टपावर लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी बसच्या टपाला हात लावता येत नाही. जुन्या खानदेशी घरांचे धाबे लाकडी कड्या, त्यावर काटक्या आणि वर मातीचा जाड थर असे असते. माती हळूहळू तापते, म्हणून आत दुपार सुसह्य होते. बसच्या पत्र्याला ती जाडी नाही आणि टपावर मातीचे ओझे टाकताही येत नाही. त्यामुळे उष्णता अडवायची ती थरांनी.

त्यासाठी आधी आतला पत्रा उतरवतात, गंज घासून काढतात आणि रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारतात. मग कमानींमधल्या गाळ्यांत पफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) भरतात. थर्माकोल स्वस्त असला तरी तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो; पफचेही तसेच, म्हणून शेगडीजवळ रॉकवूलच भरावे. प्लायवूड थेट कमानीवर ठोकणे ही नेहमीची चूक. पोलादातून उष्णता स्क्रूवाटे सरळ आत येते आणि भरलेला थर निम्मा वाया जातो. कमानीवर आधी लाकडी पट्टी मारावी, मग प्लायवूड. या थरांत दोन-तीन इंच उंची जाते. बसची आतली उंची मुळातच सहा फुटांच्या आसपास असते, तेव्हा घरातल्या सर्वांत उंच माणसाला आत उभे करूनच बस पसंत करावी.

टपाला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि वर हातभर अंतर सोडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घालावा. या मांडवाइतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही. फक्त पऱ्हाट्या लगेच पेट घेतात, म्हणून चूल दूर ठेवावी. भरिताची वांगी भाजायची तर तीही अंगणात, वारा पाहून. कोरड्या हवेमुळे एप्रिल-मेमध्ये कूलर उत्तम चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी. मृगानंतर हवा दमट झाली की त्याचा गारवा ओसरतो आणि पंखाच कामी येतो.

जमिनीचा प्रश्नही मोठा आहे. तापीखोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली बस एका बाजूला कलते, मग दारे अडकतात. त्यामुळे काळी माती खणून मुरूम दाबावा, त्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून भार चाकांऐवजी त्यांच्यावर घ्यावा.

बसची मूळ वायरिंग १२ किंवा २४ व्होल्टची असते. घरची २३० व्होल्टची वायरिंग तिच्यापासून वेगळीच ओढावी आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडर बाहेर ठेवावा, तो आतच असेल तर तळाशी झरोका हवा. आपत्कालीन दार फर्निचरने बंद करू नये, कारण खिडक्यांना आडवे गज असतात आणि तिथून बाहेर पडता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे घर रस्त्यावर फिरवायचे असेल तर कामाला हात घालण्याआधी आरटीओत जावे. बस एकाच जागी कायमची उभी करायची असेल, तर तिची नोंदणी रद्द करून घ्यावी आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरे पुसावीत.