साइनच्या डोक्यावरचा ‘उणे १’ म्हणजे व्यस्त नव्हे

साइनवर ‘उणे १’ दिसला की ‘१ भागिले साइन’, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दोष थोडा चिन्हाचाही आहे: साइनवरचा २ वर्ग दाखवतो, मग उणे १ घातांक का नसावा? पण इंग्रज गणितज्ञ जॉन हर्शेलने १८१३ मध्ये हे चिन्ह वापरलं ते उलट फलनासाठी (फलन म्हणजे एका आकड्याला एकच उत्तर देणारा नियम). साइनला कोन दिला की गुणोत्तर मिळतं. उलट फलनाला गुणोत्तर दिलं की कोन. ०.५ दिल्यावर उत्तर ३०°. कोसेक ३०°, म्हणजे १ भागिले साइन ३०°, मात्र २.

कॅल्क्युलेटरवर शिफ्ट दाबून साइन दाबा आणि ०.५ द्या. ३० ऐवजी ०.५२३६ आलं तर मोड रेडियनचा (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे.

आणखी एक मेख: साइन १५०° सुद्धा ०.५ च, पण उलट फिरल्यावर १५० नाही, ३०° च मिळतं. उत्तर उणे ९०° ते ९०° मधलंच घ्यायचं, नाहीतर एका गुणोत्तराला अनेक कोन येतील आणि ते फलनच राहणार नाही.