पीएलसी भाषांचं व्याकरण (आयईसी ६११३१-३)

कारखान्यातली मशीन ज्या पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) चालतात त्यांचे प्रोग्राम लिहायच्या भाषा आयईसी (विद्युत क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ६११३१-३ या स्टँडर्डने ठरवून दिल्यात, पहिली आवृत्ती १९९३ ची. लॅडर (शिडीसारखं सर्किटचं चित्र), फंक्शन ब्लॉक डायग्राम (जोडलेल्या चौकोनांचं चित्र), स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (मजकुरातला कोड), इन्स्ट्रक्शन लिस्ट (एकेका ओळीतल्या सूचना, आता काढून टाकलेली) आणि जोडीला पायऱ्यांचा क्रम दाखवणारा सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. यातल्या मजकुरात लिहायच्या भागाचं काटेकोर व्याकरण जोडपत्र 'ए' मध्ये आहे, आणि ते अल्गोल ६० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेसाठी वापरलेल्या बॅकस-नॉर पद्धतीच्याच (व्याकरणाचे नियम लिहायची रीत) वाढीव रूपात लिहिलंय.

हे व्याकरण कामाचं का, ते मोटारच्या साध्या लॉजिकवरून लगेच कळतं. स्टार्ट दाबलं की मोटार सुरू, बटण सोडलं तरी चालूच राहणार, स्टॉप दाबलं की बंद. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये: मोटार := (स्टार्ट ऑर मोटार) अँड नॉट स्टॉप. आता कंस काढून बघा. नियमांनुसार ऑरने जोडलेले तुकडे एक्सॉरचे (दोन्हींपैकी फक्त एकच खरं) आणि एक्सॉरने जोडलेले तुकडे अँडचे बनतात, म्हणजे अँड आधी जोडला जातो, आणि अर्थ होतो 'स्टार्ट दाबलंय, किंवा मोटार चालू आहे आणि स्टॉप दाबलेलं नाही', म्हणजे कोणी स्टार्ट दाबून धरलं असेल तर स्टॉप दाबूनही मोटार थांबणार नाही! कंपायलर एक एररसुद्धा देणार नाही, कारण वाक्य नियमात बसतंय. लॅडरमध्ये स्टार्टला पॅरलल मोटारचा कॉन्टॅक्ट (स्विचचं चिन्ह) आणि पुढे सिरीजमध्ये स्टॉप, कंस चित्रातच असतो.

पण नुसत्या नियमांवर पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) उभा राहत नाही, हे महत्त्वाचं. व्हेरिएबल डिक्लेअर करताना टाइपच्या जागी जे नाव येतं ते स्ट्रक्चरचं (अनेक व्हेरिएबल्सचा गट) आहे, एन्युमचं (ठरावीक नावांची यादी) की फंक्शन ब्लॉकचं, हे फक्त अक्षरं बघून कळत नाही, आधी काय डिक्लेअर झालंय ते लक्षात ठेवावं लागतं. फ्लेक्स आणि बायसन ही पार्सर बनवायची साधनं वापरून बनवलेला मॅटआयईसी हा ओपन सोर्स कंपायलर नेमकं तेच करतो, आणि कोडचं सी मध्ये रूपांतर करतो. बेरेमिझ आणि ओपनपीएलसी या पीएलसीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या दोन्हींत तो वापरलाय, व्याकरण खरंच शिकायचं असेल तर त्याचा सोर्स वाचावा.

चित्रातल्या लॅडरचं मात्र या नियमांनी पूर्ण भागत नाही. ते एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायला पीएलसीओपन या संघटनेने एक्सएमएल फॉरमॅट काढला, तोच पुढे २०१९ मध्ये आयईसी ६११३१-१० झाला. इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीतून काढूनच टाकली.