दह्याचा डबा घेताय ना, मग हे पण वाचा

नौपाडा, पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत ज्यांच्याकडे आमचं दही-ताक जातं त्यातले बरेच जण विचारतात, तुमच्या दह्याने पोटातले चांगले बॅक्टेरिया वाढतात का हो? खरं सांगायचं तर विरजणातले बॅक्टेरिया पोटात पाहुणे असतात, दुधातली साखर पचवायला हातभार लावतात आणि बहुतेक थोड्या दिवसांत निघून जातात. कायमचे राहणारे वेगळेच, मोठ्या आतड्यात, आणि 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने हिशोब मांडला तेव्हा ते एका माणसात साधारण 38 लाख कोटी निघाले, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास तेवढेच!

त्यांचं आणि आपल्या शरीराचं बोलणं चोवीस तास चालू असतं, केमिकलमधून. आपण खातो त्यातला बराचसा फायबर आपल्याला पचतच नाही, तो हे आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी फॅटी ॲसिड तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न, त्या रक्तातल्या साखरेपेक्षा ह्यावरच जास्त जगतात. बाकीची ॲसिड आतड्यातल्या काही खास पेशींच्या रिसेप्टरला (म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या जागेला) चिकटतात आणि त्या पेशी जीएलपी-1, पीवायवाय असे हार्मोन सोडतात, जे मेंदूला कळवतात की बास, पोट भरलं. सध्या वजनाच्या इंजेक्शनमुळे ज्याचं नाव सगळीकडे ऐकू येतं तेच हे जीएलपी-1, पण इंजेक्शनचा डोस खूप मोठा असतो, उसळ खाऊन तेवढा परिणाम होईल असं कृपया समजू नका.

मूडशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या सेरोटोनिन या रसायनाचं पण तसंच. शरीरातलं जवळपास 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, आणि काही बॅक्टेरिया ते बनवायला चालना देतात हे 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पण आतड्यातलं सेरोटोनिन थेट मेंदूत जात नाही, ते मुख्यतः आतड्याची हालचाल सांभाळतं, म्हणून ‘दही खा, टेन्शन जाईल’ असं आम्ही कुठल्याच डब्यावर छापत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच की दह्यासोबत ताटात काय आहे ते बघा. मटकीची नाहीतर चवळीची उसळ, नाचणीची भाकरी, कांदा-लसूण, गाजराची कोशिंबीर, हे सगळं त्या कायमच्या राहणाऱ्यांचं खाणं. भात शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि तोही त्यांच्यापर्यंत पोचतो, त्यामुळे दहीभात उत्तमच, फक्त भात शिजल्यावर लवकर फ्रिजमध्ये ठेवा, ठाण्याच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर नको. फायबर एकदम वाढवलं तर गॅस होतो, हळूहळू वाढवा आणि पाणी प्या.

ताकाची कढी केलीत तर चवीला छानच, पण उकळल्यावर त्यातले जिवंत बॅक्टेरिया राहत नाहीत. केमो चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारूनच आमचं दही घ्या, आणि तसं आम्हालाही कळवा, तोपर्यंत रोजची डिलिव्हरी थांबवून ठेवू.