नेबुता की नेपुता? आओमोरी आणि हिरोसाकीच्या दोन मिरवणुका

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तर जपानमधल्या आओमोरीला कंदिलांच्या मिरवणुका बघायला जायचं ठरलं की माहिती शोधताना कुठे ‘नेबुता’ दिसतं, कुठे ‘नेपुता’. छपाईची चूक असेल म्हणून आपण पुढे जातो. चूक नसते. नेबुता आओमोरीचा, नेपुता हिरोसाकीचा. दोन्ही शहरांत चाळीसेक किलोमीटरचंही अंतर नाही. पाऊण तासात लोकल पोचवते.

दोन्हींचं मूळ एकच मानतात: भर उन्हाळ्यातली झोप आणि मरगळ दिव्यांबरोबर पाण्यात सोडून द्यायची जुनी रीत. 1980 साली दोन्हींना राष्ट्रीय वारशाचा दर्जाही एकत्रच मिळाला. पण रस्त्यावर उभं राहिलात तर गोंधळ व्हायचं कारण नाही.

आओमोरीचा नेबुता (2 ते 7 ऑगस्ट) म्हणजे माणसांनी ओढत नेलेला अगडबंब आकाशकंदील. रुंदी सुमारे 9 मीटर, गाड्यासकट उंची 5 मीटर, वजन 4 टनांच्या आसपास. तारेच्या सांगाड्यावर ‘वाशी’ हा जपानी कागद चिकटवून योद्धे, राक्षस, देव घडवलेले असतात. जवळ जाऊन बघाच. आधी शाईच्या जाड रेषा, मग ठिकठिकाणी वितळलेलं मेण आणि त्यानंतर रंग. मेणामुळे रंग एकमेकांत उतरत नाहीत आणि तेवढ्या भागातून उजेड जास्त झिरपतो. योद्ध्याचे डोळे अंगावर येतात ते त्यामुळे. हे काम करणाऱ्या कलावंतांना तिथे नावानिशी ओळखतात. कितामुरा आसाको ही त्यांच्यातली पहिली स्त्री. तिचा पहिला मोठा नेबुता 2012 साली रस्त्यावर आला.

आणि इथे नुसतं बघत बसायचं नसतं. ‘रास्सेरा, रास्सेरा’ ओरडत, एकेका पायावर दोनदा उड्या मारत जाणाऱ्या हानेतोंमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांमध्ये, कोणीही घुसू शकतं. अट एकच, ठरलेला पोशाख हवा, आणि तो भाड्याने मिळतो. त्यांच्या अंगावरचे घुंगरू रस्त्यात गळून पडतात. ते सापडणं शुभ मानतात, त्यामुळे पोरांची नजर जमिनीवरच असते.

हिरोसाकीत (1 ते 7 ऑगस्ट) असल्या उड्या नाहीत. मोठे ढोल, बासरी, संथ चाल आणि ‘या-यादो’ अशी लांबवलेली हाक. नेपुता बहुतेक करून उघडलेल्या हातपंख्याच्या आकाराचे, चपटे, दोन्ही बाजूंनी रंगवलेले. समोर चिनी वीरकथांमधली रणधुमाळी, रक्ताचे शिंतोडे आणि वटारलेले डोळे. मग चौकात गाडा गर्रकन फिरवतात आणि मागची बाजू दिसते: एखादी उदास, एकटी स्त्री. नेपुता पुढे निघून जातो तेव्हा आपल्याला तीच दिसत राहते. या चित्राला म्हणतातच ‘मिओकुरी’, निरोपाचं चित्र. माझं मत विचाराल तर आओमोरीचं सगळं वैभव एकीकडे आणि ही मागची बाजू एकीकडे. मोठी मंडळंच नव्हे, गल्लीगल्लीतली पोरंही आपापले छोटे नेपुते ओढत येतात, त्यामुळे संख्या आओमोरीपेक्षा कितीतरी जास्त.

बरोबर मुलं असतील किंवा नाचायची हौस असेल तर मुक्काम आणि मुख्य संध्याकाळ आओमोरीला ठेवा. मधली एक दुपार-संध्याकाळ हिरोसाकीला द्या: दिवसा त्सुगारू सरदारांचा किल्ला (सध्याचा बुरूज 1810 चा), अंधार पडल्यावर नेपुता. परतीची शेवटची गाडी मात्र आधीच बघून ठेवा. 7 तारखेला हा बेत आखू नका. त्या दिवशी मिरवणुका दिवसाउजेडी निघतात. रात्री आओमोरीच्या खाडीत नेबुता बोटींवर चढवून फिरवतात, वर आतषबाजी.

ऑगस्ट जमत नसेल तर आओमोरी स्टेशनला लागूनच 2011 पासून ‘वा रास्से’ संग्रहालय आहे. मिरवणुकीतले खरे नेबुता तिथे वर्षभर उभे असतात. हिरोसाकीत किल्ल्याशेजारचं ‘नेपुता मुरा’ आहे.

जाता जाता, गोशोगावारा या तिसऱ्या गावात ‘ताचिनेपुता’ निघतो (4 ते 8 ऑगस्ट). उंची सुमारे 23 मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. गावात विजेच्या तारा आल्या तसा तो खुजा होत गेला होता; 1998 पासून पुन्हा त्याच जुन्या उंचीने निघतो.