कुड्याची साल: साल कुठली आणि आव कुठली?

पोटात मुरडा येऊन आव पडू लागली की कोकणातल्या जुन्या घरांत कुड्याचं पाळ शोधलं जायचं. पाळ म्हणजे मूळ. ते धुऊन सहाणेवर ताकात उगाळायचं आणि चमचाभर पोटात घ्यायचं. चव अशी कडू की लहान मुलाचं नाक दाबूनच पाजावं लागे. याच झाडाच्या कोवळ्या शेंगांची भाजीही होते, त्यामुळे कुडा हे कोकणात निव्वळ औषध कधीच नव्हतं.

संस्कृतात हा कुटज आणि त्याचं बी म्हणजे इंद्रयव, आपलं इंद्रजव. चरकसंहितेत आपापल्या कामात श्रेष्ठ असणाऱ्या द्रव्यांची एक यादी आहे. तिच्यात रक्त आणि कफ-पित्ताचा स्राव आवरून सुकवणारं म्हणून कुड्याच्या सालीचं नाव येतं. आज दुकानात मिळणारी कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी याच परंपरेतली.

युरोपला ही साल कळली ती गोव्यातून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या त्याच्या ग्रंथात हगवणीवरच्या या झाडाला स्वतंत्र प्रकरण मिळालं आहे. मलबारातल्या वनस्पतींवरच्या डच ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १६७८ मध्ये, ‘कोडगपाल’ आला. अठराव्या शतकात ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेलिचेरी साल’ या नावांनी ती तिकडच्या औषधविक्रेत्यांकडे पोचली, काही काळ गाजली आणि मग तिचं नाव मागे पडलं.

का मागे पडलं, याचं एक मोठं कारण आपल्या रानात उभं आहे. कुडे दोन. पांढरा कुडा, शास्त्रीय नाव होलार्हेना, हा औषधी. काळ्या कुड्याचं शास्त्रीय नाव राइटिया. दोघांनाही पांढरी फुलं, दोघांनाही चीक, दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. फरक असा की काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बाजारात कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव असे दोन प्रकार मिळतात, तेही याच दोन झाडांमुळे. पण साल एकदा सोलून वाळवली की शेंगा कोण बघणार? युरोपला गेलेल्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळली जायची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसच्या १७५३ च्या नावाखाली या दोन प्रकारच्या झाडांची सरमिसळ झाली होती. भलत्याच झाडाची साल घेऊन गुण आला नाही, तर दोष कुड्याच्या माथी!

१८५८ मध्ये मुंबईत हेन्स या डॉक्टरने सालीतलं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं प्रभावी द्रव्य, वेगळं काढलं. कोनेसी सालीवरून त्याला कोनेसीन हे नाव पडलं. आता साल कुठली, याची शहानिशा रसायनाने करणं शक्य झालं. मात्र दुसरा गोंधळ शिल्लक होता: आव कुठली?

१८७५ मध्ये लोश या डॉक्टरने सेंट पीटर्सबर्गमध्ये रुग्णाच्या विष्ठेत अमीबा पाहिला, आणि १८९७ मध्ये जपानच्या शिगा याने आवेचा जिवाणू शोधला. म्हणजे रक्ताची आव हा एक आजार नव्हता, निदान दोन होते. त्याआधीचे ‘गुण आला’ आणि ‘नाही आला’ हे दोन्ही शेरे मला म्हणूनच सारखेच अर्धवट वाटतात. त्यात जिवाणूची आव पुष्कळदा आपली आपण थांबते, आणि श्रेय शेवटच्या काढ्याला जातं.

विसाव्या शतकात कलकत्त्याला रॉजर्स या डॉक्टरने १९१२ मध्ये अमीबाच्या आवेवर एमेटीन या औषधाची इंजेक्शनं रूढ केली. औषध जालीम, पण हृदयाला जाचणारं. म्हणून सौम्य पर्याय शोधताना औषधशास्त्रज्ञ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याकडे पाहिलं. बंगालीत त्याला कुर्ची म्हणतात, आणि ‘कुर्ची बिस्मथ आयोडाइड’ हे औषध काही दशकं प्रत्यक्ष वापरात होतं. पुढे आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत शुद्ध कोनेसीन रुग्णांना देऊन पाहिलं. अमीबावर परिणाम दिसला, पण काहींची झोप उडाली, चक्कर आली, अस्वस्थता वाढली. २००८ मध्ये कोनेसीन मेंदूतल्या हिस्टामिन या रसायनाच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) अडवतं असं दिसून आलं. जागेपणाशी संबंध असलेलीच ही ग्राही, त्यामुळे उडालेल्या झोपेचा धागा तिथे असू शकतो.

पण याच्या कितीतरी आधी मेट्रोनिडाझोल हे नवं औषध आलं होतं. १९६६ मध्ये डरबानहून अमीबाच्या आवेवर त्याचे चांगले निकाल आले आणि कुर्ची कपाटात गेली. त्यात १९९३ मध्ये आणखी एक पेच कळला: सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसणारा, पण निरुपद्रवी असा दुसरा अमीबा निराळी जात म्हणून मान्य झाला. विष्ठेतले अमीबा मोजून काढलेल्या जुन्या निष्कर्षांत तोही किती वेळा धरला गेला असेल, हे आता सांगता येणार नाही.

अलीकडे कोनेसीनकडे वेगळ्याच कारणाने लक्ष गेलं आहे. स्यूडोमोनास हा चिवट जिवाणू प्रतिजैविक पंपाने उपसावं तसं पेशीबाहेर फेकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोनेसीनमुळे हा पंप अडतो आणि नेहमीची प्रतिजैविकं पुन्हा लागू पडतात असं आढळलं. हे काचेच्या बशीतलं झालं. ताकात उगाळलेल्या पाळाबद्दल त्यावरून काही ठरत नाही, कारण तिथे कोनेसीन किती उतरलं हे ना वैद्याने मोजलेलं, ना आजीने. तान्ह्या मुलाला जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचं पाणी, आणि शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना.